भवानीबाईंची मडकी

“उतरव म्हणजे उतरव, भवानी. सुनेला सातवा लागलाय, आणि दारावर भोकाची मडकी?” राजाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

शेजारी राहणाऱ्या या थोरल्या जावेपुढं भवानीबाई सहसा बोलत नसत. आज तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “पिलं आहेत आत. उडाली की उतरवीन.”

भोकाचं मडकं म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला नको होतं. बायका स्मशानात जात नाहीत. पण नवरा, रघुजी, गेले तेव्हा मुलानं, गणोजीनं, खांद्यावर कसलं मडकं घेतलं असेल, हे त्यांना ठाऊक होतं.

रघुजी देवासच्या दरबारी फरासखान्यात तंबू शिवायचे. त्यांच्या मागं गणोजीनं घरावरची कवेलू काढून पत्रे घातले. घर गळायचं थांबलं, पण कवेलूंखालच्या चिमण्यांची घरं गेली. तीन दिवस त्या चोचीत काड्या धरून पत्र्यावरून घसरत राहिल्या. चौथ्या दिवशी भवानीबाईंनी तीन मडकी आणली, पाण्यात भिजवली आणि नवऱ्याच्या टोच्यानं हळूहळू एकेक भोक पाडलं. तोंडं फळीनं झाकून दारावरच्या वाशाला टांगली. अशुभाचा विचार तेव्हा मनातही आला नाही. चिमणीपुरतं दार हवं, एवढंच डोक्यात होतं.

जावेचं बोलणं त्यांनी पचवून टाकलं असतं. पण गेले आठ दिवस सून इंदू पुढच्या दारानं बाहेर पडत नव्हती. कमरेवर घागर घेऊन परसदारानं, खडकाळ बोळातून लांबचा वळसा घालून येत होती. तोंडानं चकार शब्द काढला नव्हता. तेच भवानीबाईंना लागलं.

राजाबाई गेल्यावर त्या चौरंगावर चढल्या. मडक्याला हात लावला तशी आत चिवचिव उसळली. त्यांनी हात मागं घेतला.

इंदू उंबऱ्याच्या आतच उभी होती. “किती आहेत, आत्याबाई?”

“तीन. एक बारीक आहे.”

“त्याला मिळतं का खायला?”

“मिळतं. चिमणी त्याला आधी भरवते.”

इंदू बराच वेळ वर बघत राहिली. पण उंबऱ्याबाहेर तिनं पाऊल टाकलं नाही. भवानीबाई चौरंगावरून उतरल्या. घाबरू नकोस, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हटल्यानं भीती गेली असती, तर राजाबाईंना काही कामच उरलं नसतं.

संध्याकाळी गणोजी जेवायला बसला. राजाबाईही निकाल ऐकायला येऊन बसल्या. भवानीबाईंनी पुढच्या दाराला अडसर घातला आणि पानात भाकरी वाढली.

“पिलं उडेपर्यंत हे दार बंद. सगळ्यांनी परसदारानं यायचं-जायचं, एकट्या इंदूनं नाही. पाणी गणोजी आणील. पिलं उडाली की मी मडकी उतरवीन, आणि पुन्हा टांगीन ती बिनभोकाची, आडवी; चिमण्या तोंडातूनच आत-बाहेर करतील. जाऊबाई, उद्यापासून तुम्हीही बोळातूनच या.”