उंचावरचे बोंबील

तारोडीच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणारी ती बाई मला एकदाच भेटली. तिच्या गळ्यातला क्रूस दिसला आणि दोन महिन्यांच्या ऑनलाइन क्लासात शिकलेलं माझं हिब्रू उतू जायला लागलं.

"मावशी, बायबलच्या स्तोत्रांत देवाला 'मिस्गाव' म्हणतात. म्हणजे शत्रूचा हात पोचणार नाही असा उंच गड."

एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत ती म्हणाली, "ह्ये पन उंचच हाय, कुत्र्याला पोचत न्हाय. पन आपला हात पोचला पायजे. न्हायतर काय कामाचा?"

मी विद्वानासारखा हसलो.

संध्याकाळी हाटकेशला घरी पोचलो, तर लॅच लागलेलं आणि चावी आत. तिने दिलेले बोंबील मांडीवर घेऊन जिन्यात बसलो. अठराव्या मजल्यावरचा माझा गड पहिल्यांदाच कुणाला तरी पुरून उरला होता.