टाळ्या, थ्रू प्रॉपर चॅनल

पियानो शिकायचा असेल तर दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरसारखी वाईट जागा शोधून सापडणार नाही. मे महिन्यात पियानोचं लाकूड तडकतं, ऑगस्टमध्ये दाबलेली पट्टी वर येत नाही, आणि जानेवारीत बोटंच हलत नाहीत. मी सकाळी सराव सुरू केला की वरच्या मजल्यावरच्या बाई आईला कौतुकानं विचारायच्या, "भाभीजी, बेटी टाइपिंग सीख रही है क्या?" आई "हाँ जी" म्हणून मोकळी व्हायची. टाइपिंगवर निदान नोकरी तरी मिळते.

हा पियानो एका वकिलातीच्या जुन्या सामानाच्या लिलावातला. बाबा तिथे कूलर घ्यायला गेले होते आणि टेंपोतून पियानो घेऊन आले. का, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही ओले पंचे अंगावर टाकून झोपलो आणि आई रोज पियानोकडे सवतीकडे बघावं तसं बघत राहिली.

बाबा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते. साहेबांच्या आधी ते कधी लिफ्टमध्ये शिरले नाहीत, कधी चहाचा घोट घेतला नाही आणि साहेबांच्याच विनोदाला साहेबांच्या आधी कधी हसले नाहीत. घरीही ही सवय सुटत नसे. भाजी कशी झालीय विचारलं तर आधी आमच्या तोंडांकडे बघायचे. माझ्या वाजवण्याबद्दल तर चकार शब्द नाही. मात्र गाझियाबादहून मला बघायला आलेल्या मुलाच्या आईनं पियानोकडे बघून "आमच्या फ्लॅटमध्ये एकतर सून मावेल, नाहीतर हे" असं सुनावलं, तेव्हा बाबांनी नम्रपणे त्यांच्यापुढे चहा सरकवला. स्थळ गेलं, पियानो राहिला.

माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये ठरला. प्रमुख पाहुणे अर्थातच बाबांचे साहेब, म्हणून निम्मा हॉल बाबांच्या खात्यानं भरणार होता. मला त्या संध्याकाळकडून एकच गोष्ट हवी होती. बाबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात.

"मी वाजवणार तो सोनाटा म्हणजे एकच रचना, पण तिचे तीन भाग असतात," मी त्यांना समजावलं. "मधे थांबते तेव्हा टाळ्या नाहीत. सगळं संपल्यावरच."

"अच्छा. मग सिस्टिम लावायला हवी," बाबा म्हणाले. "मी साहेबांशेजारी बसतो. तुझं संपलं की मी त्यांना सांगेन, ते वाजवतील, मग बाकीचे. त्यांच्याआधी कुणीही नाही. बिल्कुल नाही."

टाळ्यासुद्धा थ्रू प्रॉपर चॅनल! हे त्यांनी खात्यात घरोघरी कळवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडळाच्या उत्साही मंडळींनी पियानोच्या झाकणावर नारळ ठेवला आणि शेजारी समई लावली. खालचे सूर जोरात लागले की नारळ डुलायचा, आणि मंडळींना तोच भाग सर्वांत आवडला असावा. मी मात्र जीव ओतून वाजवलं. पहिल्या भागानंतर शांतता, दुसऱ्यानंतर शांतता. अशी शिस्त युरोपातही नसेल. तिसरा भाग संपला. मी उठले, वाकून नमस्कार केला.

शांतता.

साहेब हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपले होते. अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत बसला होता. मी नारळाशेजारी उभी. बाबांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे हात गुडघ्यांवरून उठले, छातीपर्यंत आले. मग त्यांनी एक हात तोंडावर नेला आणि खाकरून खोकले.

साहेब दचकून जागे झाले, टाळ्या पिटू लागले आणि हॉल दणाणला.

घरी येताना बाबा म्हणाले, "साहेबांना फार आवडलं." मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. तो कित्येक वर्षं उतरला नाही. पुढे मी देशात, परदेशात बरंच वाजवलं. जगभरचे पियानोवादक खोकणाऱ्या श्रोत्यांच्या नावानं बोटं मोडतात. माझी तर कारकीर्दच खोकल्यानं सुरू झाली.

बाबा निवृत्त झाले आणि दिवाळीला घरी येणारे मिठाईचे डबे एका वर्षात बंद झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात दिल्लीतल्या एका मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम होता. श्रोते जाणकार, म्हणजे टाळ्या कुठे वाजवू नयेत एवढं नक्की जाणणारे. बाबा पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची रिकामी.

पहिला भाग संपला. मी हात मांडीवर घेतले, आणि समोरून टाळ्या ऐकू आल्या. एकट्याच्या.

बाबा! ज्यांनी हा नियम घरोघरी पोचवला होता, ते. जाणकारांच्या माना वळल्या. मागून कुणीतरी "श्श्" केलं. एरवी एवढ्यानं बाबा खुर्चीत विरघळले असते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आणखी जोरात वाजवायला लागले.

सोनाटाच्या मधे वादकानं उठायचं नसतं. मी उठले, त्यांच्याकडे बघून वाकून नमस्कार केला, आणि त्यांचं वाजवून होईपर्यंत दुसरा भाग सुरू केला नाही.