नाव देवाला माहीत आहे

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. प्रार्थनेत ऐकलेलं प्रार्थनेतच ठेवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. तो एस्तेरमावशींनी केलेला आहे, म्हणजे मोडायची सोय नाही. पण रोज सकाळी चार बायका एका फोनवर जमल्या की गोष्टी साचतातच. प्रार्थना संपली की त्या चौघी आपापल्या कामाला लागतात. साचतं ते माझ्याकडे, कारण फोन मी धरलेला असतो.

आईला सगळ्यांना एका कॉलवर जोडता येत नाही. कुणीतरी गळतंच. बहुतेक वेळा पाळकबाई गळतात आणि मग त्यांना वाटतं, मुद्दाम गाळलं. म्हणून शाळेत जायच्या आधी मी सगळ्यांना जोडून देते आणि फोन स्पीकरवर ठेवून आईच्या शेजारी बसते. वारज्यातून आम्ही, शनिवार पेठेतून एस्तेरमावशी, लोणी काळभोरहून सगुणाकाकू आणि चर्चला लागून असलेल्या घरातून आमच्या पाळकसाहेबांच्या मिसेस, म्हणजे पाळकबाई. मी काही बोलत नाही. शेवटी फक्त आमेन म्हणते, तेसुद्धा म्यूट करून.

पद्धत अशी आहे की आधी एकीने धीराचा एक शब्द सांगायचा. मग प्रार्थनेचे विषय, मग प्रार्थना. आणि फोन ठेवायच्या आधी एस्तेरमावशी विचारतात, "आज कोण काय करणार?" त्या पूर्वी नर्स होत्या. "नुसतं आमेन म्हणून पेशंट उठून बसत नाही," असं त्यांचं म्हणणं. कुणाला भेटायचं, कुणाची औषधं आणायची, कुणाला डबा न्यायचा, हे ठरल्याशिवाय त्या कुणाला सोडत नाहीत.

* * *

सगुणाकाकूंची प्रार्थना गोठ्यात होते. धारेची वेळ आणि आमची वेळ एकच. फोन दावणीजवळ कशावर तरी टेकवून ठेवतात आणि डोळे मिटून सुरू करतात.

"हे कनवाळू बापा, आमी तुझी लेकरं तुझ्या दारात उभी हाय. आमच्यावर दया कर. आमची पावलं... अगं सरक की मेले! पाय मोडती का माझा! ...तुझ्या वाटंनं चालू दे. आमेन."

मग एस्तेरमावशी शांतपणे म्हणाल्या, "सगुणाबाई, मेले म्हणजे आमच्यापैकी नेमकी कोण? तिला सरकायला बरं."

"म्हशीला म्हनले ओ मावशी!"

"मग तिलाही आमेन म्हणू द्या. आपल्यापेक्षा नियमित हजर असते."

आई हसली की तिच्या खांद्याचा धक्का मला लागतो. त्या दिवशी पोटभर हसली होती. हल्ली ती माझ्या उजव्या बाजूला बसत नाही, डाव्या बाजूला बसते. त्याचं कारण पुढे येईल.

* * *

काही विषय नाव न घेता सांगायचे असतात. मग म्हणायचं, "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, नाव देवाला माहीत आहे." यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही. मनात अंदाज करायला मनाई नाही, कारण तो नियम कोणालाच पाळता आला नसता.

एकदा पाळकबाई म्हणाल्या, "एका भावासाठी आपण प्रार्थना करू या. सकाळी उठल्यापासून तो घरच्या बाईवर ओरडतो. नाव देवाला माहीत आहे."

आम्ही डोळे मिटले. तेवढ्यात फोनमधून एक पुरुषी आवाज आला. "च्या कुटंय? का आज बी देव पाजनार हाय?"

आवाज लोणीहून आला होता, सगुणाकाकूंच्या नवऱ्याचा. मागे म्हैस हंबरली, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

पाळकबाईंनी प्रार्थना लवकर आटपली.

सगुणाकाकूंना म्यूटचं बटण मी कितीदा शिकवलं होतं, त्यांना जमत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जमायला लागलं!

* * *

पाळकबाई धीराचा शब्द फार छान सांगतात. आवाज गोड आहे आणि मधेमधे थांबतातही बरोबर ठिकाणी. एकदा त्यांनी चिंता करू नये यावर सांगितलं. पाखरांना चिंता नसते, फुलांना नसते, मग आपल्यालाच का? आई मान हलवत ऐकत होती. मलाही गणिताच्या पेपरची भीती थोडी कमी वाटली.

मग विषयांची वेळ झाली. पाळकबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी प्रार्थना करा. साहेबांच्या बदलीचं चाललंय. काळजीने मला आठवडाभर झोप नाही."

"बाई," एस्तेरमावशी म्हणाल्या, "तुमचा शब्द रेकॉर्ड करून तुम्हालाच पाठवू का? झोपताना ऐका."

सगळ्या हसल्या. पाळकबाईसुद्धा हसल्या, पण हसताहसता त्यांच्या गळ्यातून दुसराच आवाज आला आणि कॉल कट झाला. मी पुन्हा जोडायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे. आज त्यांना गळू दे."

* * *

एस्तेरमावशींच्या शेजारी लेलेकाका राहायचे. रिटायर झालेले, एकटे, मुलगी बंगलोरला. ते आजारी पडल्याचं मावशींना कळलं तेव्हा त्या आपला तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या डब्याच्या झाकणाला पोचा आहे.

लेलेकाकांनी दार अर्धंच उघडलं. "आधीच सांगतो, मला तुमची प्रार्थना वगैरे चालणार नाही."

"नका चालवू. दुधीची भाजी चालेल का?"

"दुधी मला आवडत नाही."

"मलाही नाही. उद्या दुसरी आणते."

असं बरेच महिने चाललं. लेलेकाकांनी कधी थँक्यू म्हटलं नाही. "मीठ जास्त आहे," "पोळ्या चामट आहेत," एवढंच. पण रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे ते पाळायचे. धुऊन, पुसून, वरच्या पुडात चमचाभर साखर घालून डबा परत यायचा. मावशी आम्हाला फोनवर सांगायच्या, "आज साखर दोन चमचे होती. कारलं आवडलेलं दिसतंय."

एकदा डबा घेऊन त्यांची मुलगीच आली. लेलेकाका पहाटे गेले होते. मावशींनी डबा उघडला तर वरच्या पुडात साखर होती.

"बाबांनी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता," मुलगी म्हणाली. "मला म्हणाले, बाई खवट आहे, विसरू नकोस."

हे सांगताना एस्तेरमावशींचा आवाज रोजच्यासारखाच होता. मग त्यांनी विचारलं, "आज कोण काय करणार?"

* * *

आता आईचं.

माझी यंदा दहावी आहे. एका रविवारी मी अभ्यास करत होते आणि स्वयंपाकघरात बाबा हळू आवाजात बोलत होते. आमच्या घरात हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

"डॉक्टर म्हणाले, थांबू नका. गाठ काढायलाच लागेल."

"रूथची परीक्षा होऊ दे."

"संगीता, परीक्षेला अजून किती..."

"परीक्षा होऊ दे म्हटलं ना! आणि कोणाला बोलायचं नाही. फोनवर तर मुळीच नाही. सगळ्या रडत बसतील आणि मला त्यांचं सांत्वन करावं लागेल."

डावीकडे कुणाचा धक्का लागला की तिला दुखतं. म्हणून ती जागा बदलून बसते.

दुसऱ्या दिवशी धीराचा शब्द सांगायची पाळी आईची होती. तिने भरवसा ठेवण्याबद्दल सांगितलं. एकदाही अडखळली नाही. मी फोन धरून बसले होते आणि पहिल्यांदाच माझं आमेन म्यूटवरसुद्धा निघालं नाही.

शाळेतून आल्यावर मी बिल्डिंगच्या जिन्यात बसून एस्तेरमावशींना फोन लावला. आधी दोनदा कट केला. मग म्हटलं, "मावशी, एक विषय आहे. एका बहिणीला डॉक्टरांनी लवकर यायला सांगितलंय. ती जात नाहीये. नाव..."

"नाव देवाला माहीत आहे," मावशी लगेच म्हणाल्या. मग थोडं थांबून विचारलं, "तू जेवलीस का?"

* * *

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो विषय सांगितला, आणि म्हणाल्या, "संगीता, तू कर प्रार्थना."

मी आईकडे बघितलं नाही. फोनकडे बघत राहिले.

आईने नेहमीसारखी सुरुवात केली. "प्रभू, त्या बहिणीला धैर्य दे. डॉक्टरांच्या हातांना यश दे." मग ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज खाली गेला होता. "घरच्यांसाठी थांबलेय असं ती सगळ्यांना सांगत असेल. तसं नाही, प्रभू. ती भ्यायली आहे. तिच्या लेकरांना ती परीक्षेनंतरही लागणार आहे, एवढं तिला कळू दे."

परीक्षेचं मावशींनी काही सांगितलंच नव्हतं.

सगुणाकाकूंचा म्यूट निघालेला होता. म्हशीचा श्वास ऐकू येत होता.

"आज कोण काय करणार?" एस्तेरमावशींनी विचारलं.

आई म्हणाली, "मी डबा करते. आजारी माणसाचा."

"कर. न्यायला मी येते. डबा माझाच आणते, तुमचे डबे परत द्यायला पुन्हा वारज्याला कोण येणार?"

त्या बसने आल्या. तोच पोचा असलेला डबा. आईने मऊ भात, वरण, मेथीची परतून भाजी आणि दोन पोळ्या भरल्या. मीठ बेताचं, तिखट अजिबात नाही. वर लिंबाची फोड ठेवली. "त्यांना म्हणावं, गरम गरम खा," ती म्हणाली.

"सांगते," म्हणून मावशी गेल्या. मी दार लावलं. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला, थांबला, मग परत वर आला.

बेल वाजली. दार आईने उघडलं.

"काय हो मावशी, काही विसरलात?"

मावशींनी डबा पुढे केला. गुडघे दुखतात त्यांचे, दम लागला होता.

"नाव देवाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पत्ता मला माहीत होता."

आईने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला भिंतीच्या आत जायचं होतं. ती मला रागावेल असं वाटलं. तिने डबा घेतला, टेबलाशी बसली, एकेक पूड उघडून मांडलं आणि भाताचा घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"आजारी माणसाला कमीच घालतात," एस्तेरमावशी म्हणाल्या. "चांगला केलाय जिने केलाय तिने. गरम गरम खा, असं सांगितलंय तिने."

आईने सगळं संपवलं. मग मावशी उठल्या आणि डबा न घेताच गेल्या.

तेव्हापासून तो ओट्यावर पालथा पडून होता. आज आमची सकाळची प्रार्थना लवकर झाली. नंतर आईने डबा सरळ केला, पदराने पुसला, झाकणाच्या पोच्यावरून बोट फिरवलं. साखरेचा डबा समोरच होता, पण तिने तो उघडला नाही. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, आपण हॉस्पिटलला निघालो की हा आधी मावशींच्या हातात दे, आणि वरच्या पुडात मी काय घातलंय ते तिथे पोचेपर्यंत बघायचं नाही. पण झाकण लावताना मला दिसलंच. तिने त्यात

"रूथ! अगं, खाली रिक्षा येऊन थांबलीय, बाबांकडून हॉस्पिटलची पिशवी घे आणि चल लवकर!"