पडवळाचा दगड

जिवंत सापाच्या शेपटीला मी स्वतःच्या हातांनी सुतळी बांधली आहे. चांगली दुहेरी गाठ मारून! ही गोष्ट मी फुशारकीने सांगत नाही, कारण बांधताना तो साप आहे हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा आम्ही नागपुरात भाड्याच्या घरात राहायचो. आमच्या आणि शेजारच्या ढोबळ्यांच्या अंगणांच्या मधे तारेचं कुंपण होतं आणि त्यावर माझ्या बायकोने, शालूने, पडवळाचा वेल चढवला होता. (चढवला तिने, पाणी घालायचो मी.) आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणात पडवळाची कढी लागतेच. आदल्या वर्षी आमचं पडवळ विळ्यासारखं वाकडं निघालं आणि ढोबळे वहिनींचं हातभर लांब, सरळसोट. ते त्यांनी चिरण्याआधी गल्लीभर दाखवून आणलं! शालूच्या हे फार जिव्हारी लागलं होतं. यंदा तिने कुंपणाशी उभं राहून जाहीर केलं, "औंदा पाहाच वहिनी! फूटपट्टीवानी सरळ पडवळ तोडते का नाही!"

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. सगळी पडवळं दगड लेऊन लोंबत होती, फक्त सगळ्यात लांब व्हायच्या बेतात असलेलं एक राहिलं होतं. नेमकं तेव्हाच शालूला माहेरी, सावनेरला जावं लागलं.

निघताना ती म्हणाली, "कोपऱ्यातल्या खांबाजवळचं पडवळ आहे ना, त्याले आज दगड बांधजा. त्याच्यावरच माही सारी इज्जत आहे. अन् तो चष्मा घेऊन टाका एकदाचा!"

डॉक्टरांनी मला चष्मा कधीचाच सांगितला होता. पण चष्म्याने माणूस म्हातारा दिसतो, असं माझं ठाम मत. (चष्मा न लावल्याने कसा दिसतो, ते आता कळेलच.)

संध्याकाळी ऑफिसातून आलो, दगड आणि सुतळी घेतली आणि खांबाजवळच्या पानांत हात घातला. लागलं की हाताला! लांब, गार, चांगलं भरलेलं. शालूच्या हाताला गुण आहे, म्हटलं! गाठ मारताना पडवळाने थोडा हिसका दिला.

"सरळ राह्य ना गा!" मी त्याला दटावलं आणि दुसरी गाठ मारली.

मग पडवळ दगडासकट वर चढायला लागलं.

पलीकडे ढोबळे खाटेवर बसून चहा पीत होते. मी ओरडलो, "ढोबळे! पडवळ!"

"काय झालं पडवळाले?"

"तुमच्याकडे येऊन राहिलं!"

"येऊ द्या ना बाप्पा! शालूवहिनीनं पाठवलं असन!"

तेवढ्यात ते धप्पकन त्यांच्या खाटेशी पडलं. ढोबळे कपबशीसकट खाटेवर उभे राहिले. "अवं साप! साप आला! गोटा घेऊन आला वं!"

ढोबळे वहिनी धावत आल्या. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "धामण हाय. काही नाही करत, जाऊ द्या तिले." धामणीने दोन झटके देऊन शेपटी सोडवून घेतली आणि ती मोरीतून निघून गेली. मागे राहिली सुतळी, दगड आणि मी.

वहिनींनी दगड उचलला. "भाऊजी, हे गाठ तुमचीच ना? सापाले काहून बांधली जी?"

"सरळ वाढावं म्हणून," मी म्हणालो. दुसरं उत्तर असेल तर सांगा!

त्यानंतर वेलाजवळ जायची माझी छाती झाली नाही. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी शालू परतली. स्टँडवरून आणणाऱ्या रिक्षावाल्याने तिला वाटेतच विचारलं होतं, "साप पाळणारे साहेब तुमच्याच गल्लीत राह्यतात ना बाई?" ती घरातसुद्धा शिरली नाही, तडक खांबापाशी गेली. कुंपणापलीकडे वहिनी हजर होत्याच. शालूने पानं बाजूला केली.

साप सरळ निघून गेला होता आणि पडवळ वेटोळं घालून बसलं होतं.

माझा जीव टांगणीला लागला. शालू पडवळाकडे बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा पडवळाकडे बघते! पण वहिनींच्या तोंडून आधी हसू फुटलं आणि मग शालूही पदर तोंडाला लावून हसत खालीच बसली. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसलो. (मी हसायला नको होतं, असं नंतर कळलं.) दुसऱ्या दिवशी ढोबळे जोडप्याने आमच्याकडे कढी दोनदा मागून घेतली. चिरल्यावर कोणाचं पडवळ सरळ होतं हे महालक्ष्म्यांनाही कळत नाही!

चष्मा मी त्याच आठवड्यात घेतला. आता पानावरची मुंगीसुद्धा स्वच्छ दिसते. तरीही वेलात हात घालण्याआधी मी दोन पावलं लांब उभा राहून खाकरतो आणि अदबीने विचारतो, "आपण पडवळच ना?"