मायच्या आवाजावर दुसरा आवाज

भाच्यानं मध्यंतरी मला 'गीक' ठरवून टाकलं. म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, "मावशी, ज्यांना माणसांपेक्षा वस्तूंच्या आत काय चाललंय यात जास्त रस असतो ना, ते." पोरगं हसत हसत बोललं, पण मला ते चांगलंच लागलं. आमच्या लातूरच्या गल्लीत अशा मुलीला सरळ 'येडी' म्हणायचे आणि तो शब्द मी वर्षानुवर्षं मजेत मिरवला होता; पण त्यात 'माणसांपेक्षा' असं काही नव्हतं.

त्याचं काही चुकलं नाही म्हणा. मी पुस्तक विकत आणते आणि आधी त्याची शिवण बघते. नवा मिक्सर घरी आला की त्याचं माहितीपत्रक कादंबरीसारखं वाचते, तेही शेवटच्या पानावरच्या हमीच्या अटींसकट. टीव्हीवर मालिका लागली की कोण कुणाची सून हे मला शेवटपर्यंत कळत नाही, पण भर दुपारच्या प्रसंगात सावल्या दोन दिशांना कशा पडल्या, ते मात्र लगेच दिसतं. दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. घरच्यांनी हात जोडलेत माझ्यापुढं. मी खोलीत आले की रिमोट आपसूक उशीखाली जातो.

फक्त एक गोष्ट मी बघूच शकत नाही. बातम्यांत किंवा एखाद्या माहितीपटात खेड्यातली बाई बोलायला लागते. तिचे दोन शब्द ऐकू येतात, मग तिचा आवाज खाली जातो आणि वर कुणाचातरी धुतलेला, इस्त्री केलेला आवाज येऊन तिचं म्हणणं सांगायला लागतो. बाईचे ओठ हलत राहतात. अशा वेळी मी उठून स्वयंपाकघरात जाते. घरच्यांना वाटतं, चहा ठेवायला गेली.

लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं तेव्हाची गोष्ट. इतकं नवं, की म्हातारी माणसं कोर्टकचेरीचं काम निघालं की अजून सवयीनं धाराशिवच्याच गाडीत बसायची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, रेणापूरकडच्या आमच्या सगळ्या भावकीत पहिले शिकलेले आणि पहिले नोकरदार. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत ते कारकून होते आणि जुन्या ठिकाणाहून तात्पुरते इकडं पाठवलेले होते. इथं कायम होण्याचा हुकूम यायचा होता. तो आज येईल, उद्या येईल, यावर आमचं घर चाललेलं. त्यात दुष्काळ पडला आणि दादांना टंचाईच्या टेबलावर बसवलं. कुठल्या वस्तीला टँकर गेला, कुठल्या वस्तीला जायचा, हे सगळं त्यांच्या हातून पुढं जायचं.

आणि आमच्याच वस्तीत टँकर येत नव्हता. यायचा कधीमधी. आठ-आठ दिवस त्याचं तोंड दिसायचं नाही.

मी तेव्हा नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. मुलं पिक्चरला जायची तेव्हा मी ग्रंथालयात बसून दूरचित्रवाणीच्या जाडजूड पुस्तकातल्या आकृत्या वहीत उतरवून घ्यायचे, आणि त्यात मला खरोखर सुख वाटायचं. वसतिगृहाच्या गच्चीवरून धरणाचं पाणी चमकताना दिसे. तिथं मी बादली भरभरून अंघोळ करायचे. सुट्टीत घरी आले त्या सकाळी मायनं माझ्यापुढं अर्धी कळशी ठेवली आणि म्हणाली, "ह्येच्यातच आवर. खाली पाटी ठिव, त्येच पानी भांड्याला लागतंय." त्या पसरट पत्र्याच्या पाटीत बसून अंघोळ करताना मला स्वतःच्या बादल्या आठवल्या आणि फार लाज वाटली. पण ती लाज मी दुपारपर्यंत विसरले, कारण दुपारी टीव्हीवाले आले.

तिघंजण होते, मुंबईचे. कुठल्यातरी खात्यासाठी दुष्काळावर माहितीपट करत होते आणि तो टीव्हीवर दाखवणार होते. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, त्यातून निघालेली जाड वायर दुसऱ्याच्या कमरेला लटकवलेल्या रेकॉर्डरमध्ये गेलेली. तिसरा प्रश्न विचारणारा. जी गोष्ट मी पुस्तकात फक्त चौकोन आणि बाणांच्या रूपात पाहिली होती, ती आमच्या समाजमंदिरासमोरच्या धुळीत उभी होती. मी टँकरची वाट बघत लागलेली घागरींची रांग सोडून थेट त्या रेकॉर्डरवाल्याकडं गेले. मागून माय ओरडत होती, "अगं, नंबर जाईल!" मी वळूनही पाहिलं नाही.

रेकॉर्डरवाला सभ्य माणूस होता, दादांच्या वयाचा. मी त्याला टेप कुठली, माइक कुठला, असलं काहीबाही विचारत सुटले. तेही ठेवणीतल्या मराठीत, जी मी नांदेडच्या दोन वर्षांत रेडिओ ऐकून ऐकून कमावली होती. त्याला गंमत वाटली असावी. त्यानं कानावरचे हेडफोन काढून मला दिले. म्हणाला, "ऐका, तुमची वस्ती कशी ऐकू येते ते."

मी ते कानांवर चढवले. घागरींचा आवाज, कोंबडी, लांबून येणारा ट्रक, सगळं अगदी कानाच्या आत. मी हरखून गेले. आणि त्या सगळ्यातून एकदम मायचा आवाज आला. प्रश्न विचारणाऱ्यानं माइक नेमका तिच्यापुढं धरला होता.

"अवो सायेब, काय इचारून राहिलाव? टँकर येतो की! रोज येतो, पर कागदावर येतो. माझा मालकच बसतो त्या टेबलावर, त्यायलाच इचारा. दारात यायच्या आधी मधीच कुठं जिरतो, त्ये तुमच्या मशिनीला इचारा. लेकरायला पाजावं का आंगुळ घालावी आमी? नवा जिल्हा केलाव ना, मग पानी बी करा की नवं!"

रेकॉर्डरवरचा काटा लाल पट्टीत जाऊन थडथडत होता. रेकॉर्डरवाल्यानं घाईनं बटण मागं फिरवलं. "दणदणीत आवाज आहे बाईंचा," तो म्हणाला. "ओळखीच्या आहेत?"

"माझी आई," मी म्हणाले. जन्मभर जिला माय म्हटलं तिला मी त्या क्षणी आई केलं. मला तिच्या 'पानी'ची लाज वाटत होती, 'इचारा'ची लाज वाटत होती. ती काय बोलून गेली याकडं माझं लक्षच नव्हतं. तो काटा परत लाल पट्टीत जाऊ नये, एवढंच मनात होतं.

ती काय बोलली ते संध्याकाळी दादा घरी आल्यावर कळलं. बातमी दुपारीच त्यांच्या कचेरीत पोचली होती. ते जेवले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि एकच वाक्य म्हणाले, "माझं नाव घेतलंस?"

"नाव न्हाई घेतलं. मालक मनलं."

"एकच झालं."

मायचा सगळा आवेश तिथंच ओसरला. "जिभेला हाड न्हाई माझ्या," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत चुलीकडं वळली. मायला रडताना मी फारशी पाहिली नव्हती. तो कार्यक्रम दाखवीपर्यंतच्या दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दादांना रोज वाटायचं, आज साहेब बोलावतील. कायम होण्याऐवजी घरी बसायचा हुकूम हातात पडला तर परत रेणापूरकडं जाऊन कुणाच्या शेतावर राबायचं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हा दोघींना ते ऐकू येत होतं. माझी फी, वसतिगृह, सगळं त्या एका नोकरीवर उभं होतं. माय दादांना ताट वाढायची आणि समोर न बसता दाराआड जाऊन उभी राहायची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अख्खी वस्ती समाजमंदिरात जमली. तिथं सगळ्यांचा मिळून एक टीव्ही होता, कुलूप लावायच्या लाकडी पेटीतला. अँटेना फिरवायचं काम अर्थातच माझं. मी वर चढून चित्र स्वच्छ केलं, खाली आले, शाबासकी घेतली. दादा एका खांबाला धरून उभे होते. मायनं ठेवणीतली चॉकलेटी साडी नेसली होती. जे व्हायचं ते नीट नेसून तरी बघू, असा तिचा विचार असावा.

आमची वस्ती दिसली तसा गलका झाला. मग माय दिसली. पडदाभर मायचा चेहरा. ती म्हणाली, "अवो सायेब..." आणि तिचा आवाज कुणी विहिरीत सोडावा तसा खाली खाली गेला. वर एका बाईचा गोड, शांत आवाज आला. "पाण्याची थोडी अडचण आहे खरी, पण टँकर रोज येतो. नवा जिल्हा झाल्यापासून आमची कामं जवळच होतात. आम्हा बायकांना मोठा आधार वाटतो." मायचा हात हवेत उडत होता, मान तावातावानं हलत होती, आणि तो आवाज तिच्या तोंडून आभार मानत होता.

दादा खांब सोडून मटकन खाली बसले. मग हसायला लागले. इतके दिवस अडकलेला श्वास सुटल्यासारखे हसले. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारू लागले. शेजारची काकू, जी त्या दिवशी रांगेत मायच्या पुढंच उभी होती, तीही म्हणाली, "किती ग्वाड बोललीस गं बाई! मला त्या दिशी वाटलं, तू भांडूनच राहिलीस."

"ह्ये मी न्हाई बोलले," माय म्हणाली.

"टीव्हीत खोटं कशाला दाखवतील?"

"अगं, मी न्हाई बोलले ह्ये!" माय गोंधळून सगळ्यांकडं बघू लागली. मग तिला मी दिसले. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हिला इचारा. हिच्या कानाला व्हतं त्ये मशीन. हिनं समदं ऐकलंय. सांग गं बाई, काय बोलले मी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. दादांचं हसू थांबलं. ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान हलवली नाही की डोळे वटारले नाहीत. नुसते बघत होते.

मला तिचं वाक्य न् वाक्य पाठ होतं. आजही आहे. पण मी वेगळंच बोलायला लागले. "याला डबिंग म्हणतात," मी म्हणाले. टेपवर आवाजाच्या दोन पट्ट्या कशा असतात, एकीवर जागेवरचा आवाज असतो, दुसरीवर मागाहून स्टुडिओत बोललेला, मग एक खाली करतात आणि एक वर आणतात, हे सगळं मी हातवारे करून समजावलं. त्या ठेवणीतल्या मराठीत समजावलं. बोलता बोलता मला त्यात रस वाटायला लागला, हे सांगताना आज तोंड लपवावंसं वाटतं. लोक आ वासून ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, "लई शिकली पोरगी."

मायनं सगळं शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "मंजी माझा आवाज हाय तिथंच? खाली?"

"हो. पुसत नाहीत तो. फक्त खाली करतात."

"मग वर काढ की. तुला येतंय ना समदं."

"इथून नाही येत काढता," मी म्हणाले. "त्याला मशीन लागतं."

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. खरोखर पटलं. मशीन नव्हतं, तर पोरगी बिचारी काय करणार. तो आवाज वर काढायला मला फक्त तोंड उघडायचं होतं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. दादांनी मान दुसरीकडं वळवली, आणि मला त्यांचा राग आला. माझा यायला हवा होता.

दादांना कायम होण्याचा हुकूम पुढं मिळाला. मी इंजिनिअर झाले. वस्तीत टँकर पूर्वीसारखाच कधीमधी येत राहिला आणि माय रांगेत गपगुमान उभी राहायची. कुणी मधे घुसलं तरी कळशी उचलून एक पाऊल मागं सरायची. काकू म्हणायची, टीव्हीत गेल्यापासून ही लई शहाणी झाली.

माय आता थकलीय. ऐकू कमी येतं. पण उदगीरचे पाहुणे आले की ती गोष्ट अजून सांगते, आणि दरवेळी तिच्या आवाजात तोच अभिमान असतो. "समदी येड्यावानी बघून राहिलती. कुनालाच कळंना, माझा आवाज गेला कुठं. माझ्या लेकीला बराबर ठाव व्हतं. तिनं समद्यायला उभं राहून समजून सांगितलं."

पाहुणे कौतुकानं माझ्याकडं बघतात. मी त्यांना पोहे वाढते.