मेथीच्या वाफ्यातले भगवे झेंडे

इंटरनेट म्हणजे काय हे मला अजून नीट कळलेलं नाही; पण आमच्या रस्त्यावर ते जमिनीखालून नेमकं कुठून जातं, हे सगळ्यांना माझ्यामुळे कळलं.

मी मुलाकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आले आहे. मंदार स्टेट कॉलेजला विद्यापीठात संशोधन करतो. स्टेट कॉलेज हे गावाचं नाव आहे, कॉलेजचं नाही (हे समजेपर्यंत माझा पहिला महिना संपला). पण तो आणि माझी सून तिथेही राहत नाहीत. तिथून मोटारीने पाऊण तास गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक रस्ता, थोडी घरं, बरीच शेतं आणि घरांपेक्षा जास्त हरणं असं एक खेडं लागतं. तिथे राहतात. का, तर म्हणे, "आई, शांत आहे." शांत आहेच. मोबाइलला रेंज नाही, आणि इंटरनेट असं की आमची सून केतकी मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडते, ते पलीकडच्यांना पाच-पाच मिनिटं उघडंच दिसतं.

त्यात केतकीचं चालू काम संपत आलं होतं. नवीन नोकरी मिळाली नाही, तर तिची इथे काम करायची परवानगीच जाणार होती. मग ती दिवसभर घरी, मीही दिवसभर घरी, आणि स्वयंपाकघर एकच. (हे संकट आम्हा दोघींनाही दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं.) पण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या एका कंपनीने तिला तीनदा तपासून शेवटच्या मुलाखतीला बोलावलं होतं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संगणकावरून.

"तोपर्यंत नवीन फायबर लागलं तर बरं होईल," केतकी म्हणाली.

"लागणार. पॅटने प्रॉमिस केलंय," मंदार म्हणाला.

पॅट ही आमची समोरची शेजारीण. सत्तरीची, गुडघ्यापर्यंत बूट घालणारी. गावात वेगवान इंटरनेटची तार यावी म्हणून बाई दोन वर्षं दारोदार फिरली. तिच्या कुत्र्याचं नाव बिस्किट. मला ती 'वॅट्सी' म्हणते. वत्सला तिच्या तोंडात मावत नाही, आणि तिला सुधारण्याइतकं धाडस माझ्यात नाही. अनोळखी माणूस आलं की मी आधी स्वयंपाकघरात जाते, मग कोण आलंय ते विचारते. माहेरीही हेच, सासरीही हेच, इथे तर काय, सगळंच अनोळखी.

सोमवारी एक माणूस आला आणि घरापुढच्या गवतात रंगाचे पट्टे मारून, तारेच्या काडीवर लावलेले छोटे छोटे झेंडे खोचून निघून गेला. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. काही पिवळे होते, पण बहुतेक भगवे! देवळाच्या शिखरावर असतो ना, अगदी तो रंग. परक्या मुलुखात आपल्या अंगणात ओळीने भगवे झेंडे फडफडताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीतूनच नमस्कार केला.

आणि तेवढ्यात बिस्किट आला. पहिल्या झेंड्यापाशी थांबला, तंगडी वर केली. दुसऱ्यापाशी थांबला, तंगडी वर केली. त्याच्या अंगात एवढं पाणी येतं कुठून हे देव जाणे, पण त्याने एकही वगळला नाही.

आता मला सांगा, कुठल्या बाईला हे बघवलं असतं?

मी गेले, सगळे भगवे झेंडे उपटले, न्हाणीघरात नेऊन स्वच्छ धुतले आणि परसात माझ्या मेथीच्या वाफ्याभोवती ओळीने खोचले. त्याला जाळी असल्यामुळे बिस्किट तिथे जात नाही. वाफा असा शोभून दिसायला लागला की विचारू नका. पिवळ्यांना मी हात लावला नाही. (ते गॅसच्या पाइपाचे होते, असं नंतर समजलं. बिस्किटाची कृपा, की तो पिवळ्यांकडे वळलाच नाही!)

बुधवारी मंदार गवत कापायला निघाला. कानात ती बोंडं घालून.

"आई, इथले फ्लॅग्ज कुठे गेले?"

"नीट ठेवलेत रे. तिथे फार हाल होत होते त्यांचे."

"ओके, कूल," असं म्हणून त्याने यंत्र सुरू केलं आणि गवताबरोबर उरलेसुरले रंगाचे पट्टेही साफ केले. आईचं बोलणं ऐकायचं सोडून बाकी सगळं ऐकतो हा मुलगा.

गुरुवारी सकाळी नवीन तारेसाठी खणणारे आले. डेव्ह नावाचा मुकादम, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. मी अर्थातच स्वयंपाकघरात. गॅसवर लोणी कढवायला ठेवलं आणि खिडकीतून पाहत राहिले. डेव्हने घराला फेरी मारली, परसातले झेंडे पाहिले, वाफ्याकडे बोट करून आपल्या माणसांना काहीतरी दटावलं. सगळे माझ्या मेथीपासून चार हात लांब झाले. मला तर भरूनच आलं. भाजीची इतकी कदर आपल्याकडेसुद्धा कुणी करत नाही.

मग त्यांनी घरापुढे यंत्र लावलं, आणि वरून केतकीची किंकाळी आली.

"मंदार! नेट गेलं!"

नुसतं आमचं नाही, अख्ख्या रस्त्याचं गेलं. भगवे झेंडे होते ते जुन्या इंटरनेटच्या तारेवर. म्हणजे इथे खणू नका, अशी ती खूण. ते होते मेथीभोवती, म्हणून डेव्हने मेथी जपली आणि तार कापली. घराघरांतून माणसं बाहेर आली. गडबड नव्हती ती फक्त कोपऱ्यावरच्या घोडागाडीवाल्या कुटुंबाकडे. त्यांच्या पंथाला विजेचंच वावडं, तर इंटरनेट कुठलं. त्यांची बाई शांतपणे कपडे वाळत घालत होती. मला तिच्या घरी दत्तक जावंसं वाटलं.

"आई," मंदार परसात उभा राहून म्हणाला, "हे काय आहे?"

"झेंडे."

"ते दिसतंय गं. इथे कसे?"

"तो बिस्किट मुतत होता त्यांच्यावर."

मंदारने डोळे मिटले. डेव्हने त्याला काय झालं ते विचारलं. आता मुतणारं कुत्रं, भगवा रंग आणि देवळाचं शिखर हे इंग्रजीत एका दमात कसं सांगायचं, हे मंदारला सुचेना. तो नुसतं "माय मॉम" म्हणाला. डेव्हने समजल्यासारखी मान हलवली. त्यालाही आई असणार.

"ते राहू दे!" केतकी रडवेली झाली होती. "अर्धा तास राहिलाय. कुठे जाऊ मी?"

स्टेट कॉलेज पाऊण तास लांब. तेव्हा पॅटने हुकूम सोडला. गावाच्या टोकाला आगीच्या बंबाचं ठाणं आहे, त्याची तार दुसऱ्या रस्त्याने येते, सगळे गाडीत बसा. मी चप्पल शोधत होते, तर केतकी म्हणाली, "आई, तुम्हीही चला. दारात बसायला कुणीतरी हवं."

ठाण्यात लालभडक बंब उभा, त्याच्या शेजारी एक टेबल. तिथल्या इंटरनेटची वायर ढिली होती, हलली की बंद पडायची. म्हणून मंदार टेबलाखाली वायर धरून बसला. केतकी वरून साहेबीण, खालून घरातली विजार, अशी संगणकासमोर बसली. पॅटने बंबासमोरच्या मोठ्या दारात मधोमध खुर्ची ठेवली, मला बसवलं, आणि बोट दाखवून म्हणाली, "वॅट्सी, स्टे." (बिस्किटालाही ती हेच म्हणते.)

"आई, कुणालाही आत सोडू नका," केतकी म्हणाली. "कुणालाही म्हणजे कुणालाही. माझी नोकरी तुमच्या हातात आहे."

झेंड्यांचं पाप माझ्या माथ्यावर होतंच. मी ठरवलं, आज जीव गेला तरी माशीसुद्धा आत जाणार नाही. पत्रं वाटणारी बाई आली, तिला मी "नो" म्हटलं. एक आजोबा कॉफी प्यायला आले, त्यांनाही "नो". जन्मात कुणाला इतक्यांदा नाही म्हटलं नव्हतं. मला जरा आवडायलाच लागलं होतं.

आणि डोक्यावर भोंगा वाजला. असा, की खुर्ची हादरली. चारी बाजूंनी गाड्या येऊन थांबल्या. इथे बंबावर पगारी माणसं नाहीत, गावातलेच शेतकरी, दुकानदार भोंगा ऐकून धावत येतात. ते सगळे माझ्याकडे पळत आले. मी उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "नो!"

"मॅम, फायर!"

"नो!"

"आई, बाजूला हो!" टेबलाखालून मंदार ओरडला. पण वायर सोडून त्याला उठता येईना, आणि भोंग्यात मला फक्त "आई" ऐकू आलं. मला वाटलं, शाबासकी देतोय. मी पुन्हा खुर्चीत बसले, ती घट्ट धरून.

शेवटी दोन धिप्पाड गड्यांनी मला खुर्चीसकट उचललं. मी पदर सावरत, "नो, नो" म्हणत हवेतून कडेला गेले, आणि बंब भोंगा वाजवत बाहेर पडला. हे सगळं केतकीच्या बरोबर मागे, संगणकाच्या डोळ्यासमोर. एरवी अडकणारं इंटरनेट त्या दिवशी एकदाही अडकलं नाही.

पॅटने बंबवाल्याला ओरडून विचारलं, कुठे? त्याने आमच्याच घराचा पत्ता सांगितला.

तेव्हा मला लोणी आठवलं.

घराला काही झालं नाही. धूर पाहून डेव्हनेच आपल्या गाडीतल्या वायरलेसवरून बंब बोलावला, आणि बंब (कुणीतरी अडवल्यामुळे) वेळेवर येईना म्हणून स्वतःच आत शिरून गॅस बंद केला. पातेलं मात्र गेलं. गाव माझ्याकडे बघत होतं. मी जमिनीकडे बघत होते, आणि तिथे जागोजाग खड्डे होते.

केतकी परत आली ती गाडीत हसत आणि रडत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, की मागे खुर्चीतून कुणाची मिरवणूक गेली? मग हिने सगळंच सांगितलं, बिस्किटापासून सुरुवात करून. त्या बाईंना म्हणे हसू आवरेना. शेवटी म्हणाल्या, एवढ्या गोंधळात तुझा आवाज एकदाही चढला नाही, आमच्याकडे अशीच माणसं लागतात.

नोकरी मिळाली. तार जोडली, नवीन फायबरही लागलं. केतकी वरच्या खोलीतून काम करते, स्वयंपाकघर पुन्हा माझं आहे. फक्त दर सोमवारी मीटिंग सुरू झाली की तिच्या साहेबीणबाई आधी विचारतात, "खुर्चीवाल्या आई कुठे आहेत?" आणि मला हात हलवायला वर बोलावणं येतं. पूर्वीचं इंटरनेट असतं तर निदान मी पोचायच्या आधी बंद तरी पडलं असतं. आता ते एवढं वेगवान झालंय की मी लाजून पदर तोंडावर घेईपर्यंत माझं तोंड कॅलिफोर्नियाला पोचलेलं असतं.