वितळणाऱ्या गोळ्याचा फोटो

सातपाटीच्या वामन मेहेरने बोईसरला फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा तारापूरच्या कारखान्यांत सारखी नवी माणसं भरती होत होती आणि प्रत्येकाला ओळखपत्रासाठी फोटो लागत होता. घरची होडी थोरला भाऊ महादू सांभाळायचा. स्टुडिओ म्हणजे स्टेशनरोडवरचा एक गाळा, त्यात निळा पडदा, एक स्टूल, पाचशे वॅटचे दोन दिवे आणि मागे अंधारी खोली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की वामन म्हणायचा, "हनवटी वर, श्वास रोखा." झालं काम. बिहारचा असो की कोल्हापूरचा, त्या दिव्यांखाली सगळ्यांचे चेहरे सारखेच घाबरलेले दिसायचे.

वामनचं मन मात्र चेहऱ्यांत कमी आणि उजेडात जास्त. लग्नाचे फोटो काढायला गेला की नवरीपेक्षा तिच्या ओंजळीतल्या नारळावर ऊन कसं पडलंय तेच बघत राहायचा. त्याची बायको जमना अजून सांगते, "जेवताना कालवणाची वाटी खिडकीसमोर धरायचे. यातून उजेड आरपार जातो का, ते बघायला. मी म्हणायची, अवो, पयले जेवा, निवतंय सगळं."

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात स्टुडिओसमोर नागोरावने आईस्क्रीमचं दुकान काढलं. नांदेडकडचा माणूस. कारखान्यातल्या कामाने खोकला लागला म्हणून नोकरी सोडली आणि लाकडी पिंप, बर्फ, मीठ घेऊन हाताने आईस्क्रीम फिरवायला लागला. वाणगावच्या वाडीतले चिकू स्वतः निवडून आणायचा. त्याचं चिकूचं आईस्क्रीम ज्याने एकदा खाल्लं तो पुन्हा यायचा. पण पहिल्यांदा खायलाच कोणी तयार नसे. गिऱ्हाईक केशर मागे, पिस्ता मागे. चिकू म्हटलं की नाक मुरडून म्हणे, "चिकू काय, घरी पडलेत."

एक दिवस नागोराव रस्ता ओलांडून आला.

"वामनराव, माझ्या चिकूचा एक मोठा रंगीत फोटो काढून द्या. दुकानावर लावतो. बघूनच माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

वामनला वाटलं, यात काय अवघड? गोळा काही लाजत नाही, डोळे मिटत नाही.

त्याने काचेच्या उंच पेल्यात गोळा ठेवला आणि दिवे लावले. गोळा आधी चकाकला, मग एका बाजूला कलला, मग बसला. कॅमेऱ्याचा फोकस जुळेपर्यंत पेल्यात तपकिरी पाणी उरलं होतं. दुसरा गोळा ठेवला, तोही तसाच गेला. दिवे लांब सरकवले तर अंधार, जवळ आणले तर पाणी. तरी धावपळीत चार फोटो काढलेच. पेले जमनाने रिकामे केले. तिला ते काम फार आवडलं.

रंगीत रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागायचा. आठवड्याने फोटो आले ते बघून जमना म्हणाली, "ह्यो तर शेणाचा गोळा दिसतो." चूक नव्हती. जिभेला गोड लागणारा तो तपकिरी रंग कागदावर अगदी चिखलासारखा उतरला होता.

पण वामनच्या डोक्यात किडा शिरला. जे टिकतच नाही त्याचा फोटो काढायचा कसा? उकडलेल्या बटाट्याचा गोळा करून बघितला, तो बटाटाच दिसला. मग जमनाच्या डब्यातला डालडा घेतला, त्यात पिठीसाखर मळली, थोडा कोको घातला आणि आईस्क्रीमच्या चमच्याने गोळा काढला. कडेला खरोखरच्या आईस्क्रीमसारखा फाटका पदर आला. दिव्यांखाली तास गेला तरी गोळा जागचा हलला नाही. वामनने सावकाश, हवा तसा उजेड पाडून फोटो काढले. मुंबईहून आले ते इतके देखणे की जमनाने एक देवघराजवळ लावला.

नागोरावने तो फोटो दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बराच वेळ बघितला.

"गोळा लई झकास आहे, वामनराव. पण हा माझा नाही."

"म्हंजे?"

"माझ्या चिकूत रवा असतो. बारीक कण. हे गुळगुळीत आहे. काय घातलंत यात?"

वामनने खरं ते सांगितलं. नागोराव हसला, रागावला नाही. "आता बघा, हा फोटो बघून माणूस आत येणार, आणि मी त्याला दुसरंच काहीतरी देणार. तो मनातल्या मनात म्हणेल, फोटोतलं बरं होतं. माझंच आईस्क्रीम माझ्याच दुकानात हरेल की हो."

वामनला हे पटलं. खरं तर त्याला आनंदच झाला, कारण कोडं अजून सुटायचं होतं.

रविवारी तो सातपाटीला गेला आणि महादूला म्हणाला, "दादा, बर्फाच्या कारखान्यात मला थोडा वेळ जागा मिळंल काय?" महादूची होडी त्याच कारखान्यातून बर्फ भरायची, सगळे ओळखीचे. "मासळीचे फोटो काढतोस?" त्याने विचारलं. आईस्क्रीमचे म्हटल्यावर महादू त्याच्याकडे बघतच राहिला, पण शब्द टाकून परवानगी मिळवली.

लाद्या रचून ठेवायच्या थंड खोलीत वामनने बस्तान मांडलं. नागोरावने मीठ-बर्फात गच्च पुरलेला डबा बरोबर दिला होता. इथे गोळा हलेना. वामनची बोटं बधिर झाली, तोंडातून वाफ निघायला लागली, पण कधी नव्हे ते त्याला हवा तेवढा वेळ मिळाला. अख्खा रोल संपवून तो कुडकुडत, पण खूश होऊन बाहेर आला.

फोटो आले. गोळा स्वच्छ होता, ताठ होता, रवाही दिसत होता. पण वरून पीठ चोळल्यासारखा कोरडा. त्याच्याकडे बघून खावंसं वाटत नव्हतं. दगडाचं काही ठेवलंय असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी त्याने सगळे फोटो ओळीने खाटेवर मांडले. जमना भाकऱ्या थापत होती. एकदम तो ओरडला, "जमने, इथं ये!" ती पिठाच्या हातानेच आली. त्याने पहिल्या दिवसाच्या त्या शेणाच्या गोळ्यावर बोट ठेवलं. गोळा बसला होता, रंग चिखलाचा होता, पण वरच्या कडेला एक ओली, चमकती रेघ होती.

"ह्या कडेकडं बघ. इथं कसं वाटतं?"

जमनाने वाकून बघितलं. "इथं गार वाटतं."

"वितळाय लागतं तवाच ते आईस्क्रीम दिसतं. आनि आमी त्याला वितळू देत नव्हतो!"

पुढच्या रविवारी तो पुन्हा कारखान्यात गेला. या वेळी कॅमेरा आत नेला नाही. खोलीच्या दाराबाहेर, पत्र्याच्या सावलीत, एक खोका ठेवून त्यावर मासळीचे हात पुसायचं फडकं अंथरलं. दिव्यांची गरजच नव्हती, अंगणातून मऊ उजेड येत होता. पेला आणि गोळ्याचा डबा आत गारठत ठेवला. खोक्यावर आधी दुसऱ्या पेल्यात उकडलेला बटाटा ठेवून त्याने फोकस, उजेड, सगळं जुळवून घेतलं. बर्फ न्यायला आलेल्या बायका टोपल्या टेकून भोवती उभ्या राहिल्या. त्यांतच त्याची मावशी तानी होती. तिच्या हातात त्याने थर्माकोलचा पांढरा तुकडा दिला आणि सांगितलं, "उजेड पेल्यावर पाड, मावशे. हलू नको."

महादूने आतून गोळा भरलेला पेला आणला आणि बटाट्याच्या जागी ठेवला. बाहेरच्या दमट हवेत गार काचेवर लगेच धुकं धरलं. गोळ्यावरचा पांढरेपणा हळूहळू उतरला, खालून चिकूचा तपकिरी रंग वर आला, आणि एकेका कणावर उजेड बसायला लागला.

"श्वास रोखा," वामन सवयीने म्हणाला.

"अरे, त्यो काय मानूस हाय?" तानीमावशी म्हणाली, पण सगळ्या बायकांनी श्वास रोखलाच होता.

गोळ्याच्या कडेला एक थेंब जमला. फुगला. पेल्याच्या काठाशी येऊन थांबला. वामनने खटका दाबला. पुन्हा दाबेपर्यंत थेंब ओघळून गेला होता.

त्या दिवशी डब्यातलं उरलेलं आईस्क्रीम बायकांनी द्रोणांत वाटून खाल्लं. "चिकूचं हाय, होय?" तानीमावशी दोनदा विचारून गेली.

फोटो आला तेव्हा नागोरावने तो आधी डोळ्यांजवळ धरला. त्याने बोट कागदाला न लावता हवेतच गोळ्याभोवती फिरवलं. मग म्हणाला, "रवा दिसलाय. आणि हा थेंब... आता पडतो का मग पडतो."

मुंबईहून तो मोठा करून आणला आणि काचेत बसवून दुकानावर लावला. पाळी सुटल्यावर कारखान्यातली माणसं खाली घोळका करून उभी राहिली. एकाने वर बघत हाक मारली, "सेठ, ये टपक रहा है, जल्दी खिलाओ!" त्या हंगामात नागोरावला चिकू पुरवताना वाणगावच्या वाडीवाल्याची धांदल उडाली.

फोटोची बातमी फिरत फिरत मुंबईच्या एका जाहिरातवाल्याकडे गेली आणि त्याने वामनला महिनाभर मदतीला बोलावलं. तिथे वामनने दाढीचा फेस सायीसारखा लावलेला बघितला, ग्लिसरीनचे थेंब बघितले, साबणाचे बुडबुडे दुधावर सोडलेले बघितले. त्याने कशालाही नाक मुरडलं नाही. सगळं डोळे भरून शिकला. परत येऊन जमनाला आठवडाभर तेच सांगत होता. तिथे राहा म्हणाले होते, पण राहिला नाही. "तिथं सगळं टिकाऊ हाय," तो म्हणाला, "मला कटाळा आला."

पुढे बोईसरलाच राहिला. पोटापाण्याला ओळखपत्रांचे फोटो, आणि सुटीच्या दिवशी त्याचे उद्योग. एडवणच्या किनाऱ्यावर लाट ओसरल्यावर वाळू किती वेळ चकाकते ते बघत बसायचा. नुकत्याच सोललेल्या ताडगोळ्यातून उजेड जातो, पण थोड्या वेळाने तो गढूळ होतो, ते नेमकं कधी, यासाठी त्याने एक अख्खा उन्हाळा घालवला. ते फोटो कोणी मागितले नव्हते.

आम्ही त्यांचे शेजारी. ब्याण्णवच्या सुमारास मी जमनाकाकूंकडे ताडगोळे घेऊन गेलो होतो. वामनकाका दारात बसले होते. माझ्या हातातून एक ताडगोळा त्यांनी घेतला, सोलला आणि उन्हासमोर धरला. मी विचारलं, "काय दिसतं, काका?"

"गप," ते म्हणाले, "अजून दिसतंय."